कुरकुर

आत्या हे वाचणार आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो : बाबांची बुलेट विकलेली नाही. दादानं गिऱ्हाईक आणलं होतं हे खरं, आणि मीही जवळजवळ हो म्हटलं होतं हेही खरं. कारण एकच, मागच्या चाकातून येणारी कुरकुर.

जुन्या झोपाळ्याच्या कड्या वाजतात ना, तसा आवाज. मी एकटा असलो तर क्वचित, पण आई मागे बसली की गाडी निघताना हमखास. "माझ्याच वजनानं होतंय रे ते," असं म्हणत तिनं बसणंच सोडलं. बाबा गेल्यापासून दर मंगळवारी तिला त्याच गाडीवरून देवळात नेत होतो, तेही बंद पडलं. एका गॅरेजवाल्यानं बेअरिंग बदलून दिलं. आवाज तसाच, खिसा मात्र हलका. असो.

मग एका रविवारी स्वतःच बसलो. गाडी मेन स्टँडवर घेतली, न्यूट्रलमध्ये चाक हातानं फिरवलं. आवाज नाही. बेअरिंगचा किंवा ढिल्या स्पोकचा आवाज चाकाच्या फेरीबरोबर यायला हवा. तरी सगळे स्पोक पान्यानं टिचकी मारून ऐकले, एकही बद्द वाजला नाही. गाडी स्टँडवरून उतरवून सीटवर जोर देऊन दाबली. शॉकॅप आणि स्विंगआर्म गप्प. म्हणजे आई, वजनानं नाही! चेनला तेल दिलं, फरक शून्य.

एक गोष्ट मात्र विचित्र होती. गाडी धुतली की दोन दिवस आवाज गायब, मग पुन्हा सुरू. कोरडं रबर लोखंडावर घासलं की करकरतं आणि ओलं झालं की गप्प बसतं, हे तेव्हा सुचलं. पुन्हा स्टँडवर घेऊन, इंजिन बंद ठेवून गाडी गिअरमध्ये टाकली आणि चाक धरून पुढेमागे हिसडलं. कुर्रर्र. सापडलं! आवाज जोर लागताना येत होता. मागे माणूस बसलं की निघताना जोर जास्त लागतो, इतकंच.

हा जोर झेलायला हबच्या आत सहा रबरी ठोकळे असतात. इंजिनाचा जोर चेनवरून स्प्रॉकेटला येतो, स्प्रॉकेटचे पाखे रबरांना दाबतात आणि रबरं चाकाला ढकलतात. लोखंड लोखंडाला थेट भिडत नाही.

ही युक्ती कुठली म्हणून वाचत गेलो तो थेट पहिल्या महायुद्धाच्या आधी पोचलो. इंग्लंडमधलं रेडिच हे सुयांचं गाव. रॉयल एन्फिल्डचं मूळही तिथल्या टाउनसेंडच्या सुयांच्या कारखान्यात. पुढे सायकली आल्या आणि १९०१ साली पहिली मोटारसायकल. त्या सुरुवातीच्या काळात बऱ्याच मोटारसायकलींचं मागचं चाक पट्ट्यानं फिरे. पट्टा पावसात घसरायचा, पण त्या घसरण्यातच इंजिनाचे हिसके जिरायचे. चेन घसरत नाही आणि हिसकेही जिरवत नाही. एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात तर दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो. आमच्या बुलेटचा पिस्टन ७० मिलिमीटर रुंद आणि त्याची धाव ९० मिलिमीटर. त्याचा प्रत्येक ठोका चेनवर घण मारल्यासारखा. एन्फिल्डनं महायुद्धाआधीच यावर उत्तर काढलं : हबात रबर घाला.

बाकी गाडी बदलत गेली. १९४९ साली स्विंगआर्मवाली बुलेट बाजारात आली. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सबरोबर भागीदारी झाली आणि तिरुवोत्तियूरला आधी इंग्लंडचे भाग आणून जुळणी, मग १९६२ पर्यंत सगळे भाग इथेच. रेडिचचा कारखाना १९६७ ला बंद पडला, १९७० ला इंग्लंडमधलं उत्पादनच थांबलं, आणि १९७७ पासून मद्रासच्या बुलेट उलट इंग्लंडला जायला लागल्या. (बाबांनी आपली गाडी त्याच्या पुढच्या वर्षी घेतली. ही गोष्ट त्यांना कळती तर त्यांनी ती नाक्यानाक्यावर सांगितली असती.) रबरं मात्र हबात होती तिथेच.

तर, चाक काढलं. पाच रबरं भेगाळलेली, टिपरीसारखी कडक. सहावं वेगळंच. जाड, काळं, एका बाजूला नक्षी. नीट पाहिलं तर ट्रकच्या टायरचा तुकडा, हातानं कापून घासून बरोबर त्या आकाराचा केलेला. एक कोपरा किंचित तिरका. तोच लोखंडावर घासून चकचकीत झाला होता. बाकीची पाच मऊ होती तोवर त्यांनी याला सांभाळून घेतलं असणार.

तुकडा आईला दाखवला. तिनं चष्मा लावून उलटासुलटा करून पाहिला. म्हणाली, "म्हणजे विळी यानं बोथट केली होती! मला सांगितलं, सुरण कापला म्हणून."

मी अंगणात हसत बसलो. ती हसली नाही. तुकडा हातातच ठेवून आत गेली.

नवा संच पोवई नाक्यावर मिळाला. रबरं घट्ट बसतात, साबणाचं पाणी लावून एकेक सरकवावी लागली. (तेल किंवा ग्रीस लावू नका, रबर फुगतं.) चेनचा ताण लावला, ब्रेक जुळवला, एक चक्कर मारून आलो. गप्प.

मंगळवारी आईला हाक मारली. बसली, पण नाक्यापर्यंत अंग चोरून, कान लावून. पुढे गेल्यावर मागून आवाज आला, "थोडी जोरात घे की."

तुकडा मी टूलबॉक्समध्ये ठेवणार होतो. तो तिनं दिलाच नाही, फडताळात विळीशेजारी आहे. आत्या, येशील तेव्हा बघ.