पायांआधी बंदोबस्त

चार जणांचा संघ बांधून डोंगर-रान तुडवण्याच्या साहसस्पर्धा नव्या असतील, पण अनोळखी माणसांना एकत्र चालवण्याचे कसब सोलापूर जिल्ह्याने जुन्या काळापासून पाहिले आहे. आळंदी ते सोलापूर जिल्ह्यातले पंढरपूर ही वारीची सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट. एकोणिसाव्या शतकात, शिंद्यांच्या पदरी सरदार राहिलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीला शिस्त लावली आणि अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे पुरवले. दिंडीतला, म्हणजे वारकऱ्यांच्या गटातला, क्रम ठरला: पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, विणेकरी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. लष्कराची चाल वारीत आली ती अशी.

वारी भक्तीची, तिला शर्यतीशेजारी कशाला बसवता, असे कोणी म्हणेल. खरे आहे, इथे पहिला नंबर नसतो; रिंगणात धावतात तेही जिंकायला नव्हे. पण प्रश्न तयारीचा आहे. नवखा संघ पायांमुळे क्वचितच मोडतो, तो मोडतो भूक, हरवलेले सामान आणि रुसव्याफुगव्यांनी. दिंडीने यांचीच सोय लावली. जेवणाची भिशी आधी जमा होते, सामानाचा ट्रक पुढे जाऊन राहुट्या ठोकतो. मुक्कामी समाजआरतीला शिस्त राखणाऱ्या चोपदाराने दंड उंचावला की सगळे गप्प होतात; ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजतच राहतात, आणि चोपदार तिकडे जाऊन गाऱ्हाणे ऐकतो. भांडण दुसऱ्या दिवशीच्या वाटचालीत शिरू नये म्हणून केलेली ही तजवीज कवायतीइतकीच व्यवहारी आहे.