दुवा तुटतो तेव्हा

१/ एखादे पान संकेतस्थळावर जसेच्या तसे असते. त्यातील अक्षरही बदललेले नसते. त्याच संकेतस्थळावरील इतर पानांतून त्याच्याकडे नेणारे दुवे तेवढे काढले जातात, आणि काही काळाने ते शोधयंत्राच्या यादीत खाली घसरू शकते. असे का व्हावे? या प्रश्नाचे मूळ संगणकाच्याही आधीच्या काळात आहे.

२/ १८७३ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात फ्रँक शेपर्ड यांनी न्यायनिवाड्यांची एक सूची सुरू केली. जुन्या निवाड्याचा उल्लेख पुढे कोणत्या निवाड्यांत झाला, हे तीवरून कळे. तिचाच दाखला घेऊन युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात वैज्ञानिक लेखांसाठी तशा सूचीची कल्पना मांडली.

३/ स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी हेच तत्त्व महाजालाला लावले. १९९८ च्या त्यांच्या निबंधातील 'पेजरँक' पद्धतीत प्रत्येक दुवा ही एक शिफारस ठरली. वजनदार पानाची शिफारस अधिक मोलाची. मात्र पानाचे वजन त्यावरील सर्व दुव्यांत विभागले जाणार.

४/ मूळ सूत्रात घरचा दुवा आणि बाहेरचा दुवा असा भेद नव्हता. म्हणजे आपल्या संकेतस्थळापुरता वाटप करणारा मालकच! समजा, मुखपृष्ठाचे वजन १० आणि दुवेही १०. वाटेतील घट सोडून दिली, तर प्रत्येकाच्या वाट्याला १ येतो. ५ दुवे काढा. उरलेल्यांना प्रत्येकी २ मिळतील, आणि वगळलेल्या पानांची तिथून येणारी रसद बंद होईल.

५/ या हिशेबाचा मोह अनेकांना पडला. जाहिरातबाज दुव्यांना आळा घालण्यासाठी २००५ च्या जानेवारीत 'नोफॉलो' ही खूण आली. काही मालकांनी ती आपल्याच 'संपर्क', 'नियम व अटी' अशा पानांच्या दुव्यांवर लावली. हेतू हा की वजन विक्रीच्या पानांकडे वळावे. याला 'पेजरँकचे शिल्पकाम' असे नाव पडले.

६/ जून २००९ मध्ये गूगलचे मॅट कट्स यांनी खुलासा केला : १० पैकी ५ दुव्यांवर खूण लावली, तरी उरलेल्यांना प्रत्येकी १ च मिळतो, बाकीचे वजन विरून जाते. हा बदल वर्षभरापूर्वीच झाला होता. तोवर शिल्पकार हवेतच छिन्नी चालवत होते!

७/ दुवा काढल्याने केवळ वजन जात नाही. दुव्याचे शब्द पानाचा विषय सांगतात. ती ओळख जाते. शोधयंत्राचा यांत्रिक प्रवासी दुव्यांवरूनच पानापानांत फिरतो. त्याची वाटही बुजते. 'साइटमॅप' पत्ता कळवतो, शिफारस करत नाही. आज क्रमवारी इतरही अनेक निकषांवर ठरते, म्हणून एखादा दुवा गेल्याने पान बुडेलच असे नाही. पण सगळेच दुवे गेले, तर ते अनाथ होते.

८/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे नवे नाही. दफ्तरातील रुमाल शाबूत असतो. यादीतील नोंद तेवढी गळते, आणि मग कागद असूनही अभ्यासकाला सापडत नाही. म्हणून संकेतस्थळाची फेररचना करताना जुन्या लेखांकडे नेणारा एक तरी दुवा राखावा. विस्मृती घडवायला कागद जाळावाच लागतो असे नाही.

(धागा समाप्त)