तुंबलेली मोरी आणि कुणाचा तरी हात

मोहेंजोदडोचा धडा आला की वर्गातली सगळी मुले एक वाक्य हमखास पाठ करत, 'तेथे सांडपाण्याची उत्तम व्यवस्था होती.' दोन गुणांचा प्रश्न, उत्तर ठरलेले. मला मात्र त्या व्यवस्थेपेक्षा ती तुंबल्यावर काय होत असेल याचेच कुतूहल जास्त. सांडपाण्याची व्यवस्था म्हटली की तुंबणे आलेच. ते हडप्पाच्या लोकांना चुकले नाही आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्यालाही चुकत नाही.

त्या लोकांनी गटारांवर विटा आणि दगडी फरश्या टाकल्या होत्या, पण उचलता येतील अशा. मधूनमधून गाळ बसायला खड्डे ठेवले होते. म्हणजे हे कधीतरी उघडावे लागणार, हे बांधतानाच ठाऊक होते. अर्नेस्ट मॅके यांना १९२७ नंतरच्या उत्खननात गटारांच्या कडेला हिरवट करड्या वाळूचे छोटे ढीग सापडले. कुणीतरी गाळ उपसला आणि तिथेच टाकून ठेवला, तो उचलायला कुणी आलेच नाही! आपल्या गल्लीतले दृश्य आठवले की नाही? चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा तो ढीग मला त्या प्रसिद्ध स्नानकुंडापेक्षा जवळचा वाटतो. पण उपसणारा कोण होता, ते मात्र वाळू सांगत नाही.

पूर्वी आपल्याकडे मोरीचे पाणी परसात जाई, तिथे केळ नाहीतर अळू. तुंबले तर खराट्याची काडी पुरे. नळ घरात आले, मोरी नळीने गटाराला जोडली गेली आणि दुखणे वाढले. गटारातला वास घरात येऊ नये म्हणून लंडनच्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ मध्ये संडासाच्या नळीला वळण देऊन त्यात पाणी अडवून ठेवण्याचे पेटंट घेतले. आजचे सगळे ट्रॅप याच युक्तीवर चालतात. इमारतींच्या नकाशांत 'नहाणी ट्रॅप' लिहिलेले असते ना, ती नहाणी म्हणजे आपली न्हाणीच! गंमत अशी की ज्या वळणामुळे वास अडतो, त्याच वळणात केस, तेलकट गाळ आणि भाताची शितेही अडतात.

मग हात लांब करण्याची हत्यारे आली. रबरी वाटीचा दट्ट्या सगळ्यांना माहीत आहे, पण बरेच जण तो नुसता दाबतात. वाटी पाण्यात बुडलेली हवी, बेसिनचे वरचे भोक ओल्या फडक्याने बंद हवे, आणि खरे काम दाबण्याइतकेच ओढण्याने होते. अमेरिकेत सॅम्युएल ब्लँक नावाच्या गृहस्थांनी मुलाच्या घरची नळी तुंबल्यावर धुण्याच्या यंत्राची मोटर आणि लांब पोलादी तार जोडून नळीत फिरणारे यंत्र बनवले, आणि त्याचे पेटंट घेतले. जमीन न खणता नळी मोकळी! (जाता जाता एक विनंती. बाजारातली ॲसिडे आणि ब्लीच एकत्र ओतू नका, विषारी क्लोरीन तयार होतो.)

आपल्याकडे मात्र हत्यार लांब करण्याची निकड फारशी कुणाला वाटली नाही, कारण हात आयते उपलब्ध होते. मुंबईच्या १८८८ च्या म्युनिसिपल कायद्यात 'हलालखोर कर' होता. मैला उचलणाऱ्या जातीचेच नाव कराला! सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. आकासियो व्हिएगश यांनी प्लेग ओळखला, तेव्हा म्युनिसिपालिटीचा पहिला संशय गटारांवर गेला. समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक ॲसिड सोडून गटारे धुतली गेली. प्लेग पसरतो उंदरांवरच्या पिसवांमुळे, हे पॉल-लुई सिमों यांनी कराचीत दाखवले ते १८९८ मध्ये. शहर सोडून लोक पळत होते तेव्हा म्युनिसिपल कमिशनर स्नो यांना सगळ्यात मोठी धास्ती होती ती हलालखोर निघून जातील याची. ते गेले तर मुंबईत राहणेच अशक्य होईल, हे त्यांना पक्के ठाऊक होते. इतकी गरज, आणि त्या माणसाच्या हातचे पाणी मात्र नको.

हे काम जातीला किती घट्ट बांधले होते याचे एक उदाहरण आपल्या कोकणातलेच आहे. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात आप्पासाहेब पटवर्धनांनी सफाईचे काम मागितले. ते ब्राह्मण, म्हणून नाकारले गेले. त्यांनी अन्नत्याग आरंभला. येरवड्याला गांधीजींनीही डिसेंबरात त्यांच्यासाठी उपवास सुरू केला, तेव्हा सरकार हलले. मैला साफ करू द्या म्हणून उपवास! माझ्या मते हा प्रसंग पाठ्यपुस्तकात यायला हवा, सनावळ्या चार कमी झाल्या तरी चालतील.

पुढे कायदे झाले, १९९३ चा आणि २०१३ चा. गटारात मेलेल्यांच्या कुटुंबाला दहा लाख द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आणि २०२३ मध्ये ते तीस लाख केले. रक्कम वाढवावी लागली, यातच काय ते समजा. आतला हायड्रोजन सल्फाइड कुजक्या अंड्यासारखा वास देतो, पण प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. माणसाला वाटते, वायू गेला. २०१५ मध्ये कोळिकोडला दोन कामगार असेच गेले, आणि त्यांना वाचवायला उतरलेला एक रिक्षावालाही. त्यानंतर केरळातल्या तरुण इंजिनिअरांनी 'बँडिकूट' हे यंत्र बनवले. २०१८ पासून तिरुवनंतपुरममध्ये ते मॅनहोलमध्ये उतरू लागले. नाव ठेवलेय घुशीचे!

आमच्या सोसायटीत चेंबर तुंबले की अजून बांबूच्या कामट्या घेऊन माणूसच येतो. साठीचा असेल. झाकण उघडले की लगेच वाकत नाही, बाजूला बसून तंबाखू मळतो, बराच वेळ. घाई करणाऱ्यांना सांगतो, "हवा जाऊ द्या, ताई."