ओलीस : बुल टेरिअर, पिटबुल आणि त्यांचे मालक

हा या भागाचा लिखित मजकूर. रेकॉर्डिंगमध्ये जिथे अडखळलो ते गाळलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवात एका कबुलीने करतो. माझ्याकडे एक कुत्रा आहे, भैरू. आईकडून पिटबुल, बापाचा पत्ता नाही. घरात तो इतका लाघवी की येणारा प्रत्येक पाहुणा त्याच्या प्रेमात पडतो. तीन वर्षांपूर्वी सोसायटीच्या गेटपाशी मी फोनवर बोलत होतो आणि पट्टा बोटात नुसता अडकवलेला होता. समोरून रस्त्यावरचं एक कुत्रं आलं. पुढच्या दोन सेकंदांत भैरूने त्याचा पुढचा पाय धरला. मी ओरडलो, ओढलं, कुणीतरी पाणी ओतलं, कुणीतरी काठी आणली. पकड सुटेना. शेवटी सुटली, पण ते कुत्रं आजही लंगडतं. त्याच्या उपचाराचे पैसे मी भरले. सोसायटीची मीटिंग झाली आणि भैरूला हाकला अशी मागणी आली. वॉचमन काका मात्र मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, "साहेब, त्याला काय कळतंय? तुम्हाला कळायला हवं होतं."

ते वाक्य डोक्यातून जाईना. मग मी वाचायला लागलो. हा कुत्रा कुठून आला? तो असा का धरतो? आणि त्याला सांभाळायचं म्हणजे नक्की काय करायचं? आजचा भाग त्या वाचनाचा आहे.

बैल, खुंटा आणि कुत्रा

गोष्ट सुरू होते इंग्लंडमध्ये. तिथल्या गावोगावी काही शतकं एक खेळ चालायचा. बैलाला दोराने खुंट्याला किंवा जमिनीतल्या कडीला बांधायचं आणि त्याच्यावर कुत्रे सोडायचे. कुत्र्याने बैलाचं नाक धरायचं आणि बैलाने कितीही झटकलं तरी सोडायचं नाही. असं केल्याने मांस मऊ होतं अशी समजूत होती. काही गावांत तर कापण्याआधी बैलावर कुत्रे सोडलेच पाहिजेत असा नियम होता. बर्मिंगहॅममध्ये आज 'बुलरिंग' नावाचं मोठं शॉपिंग सेंटर आहे, ते नाव या खेळाच्या जागेवरून आलेलं आहे.

या कामासाठी जो कुत्रा पोसला गेला तो बुलडॉग. आजचा सुरकुतलेला, धापा टाकणारा बुलडॉग नव्हे बरं का. तो जास्त उंच, जास्त चपळ होता. धरलं की धरलं, ही त्याची खासियत. जबड्याला कुलूप लागतं वगैरे जे आपण ऐकतो ते खोटं आहे. तसा कुठला सांधा त्या जबड्यात नसतो. असतो तो हट्ट, आणि तो हट्ट माणसांनी पिढ्यान् पिढ्या निवडून निवडून वाढवलेला आहे.

आता राजकारण बघा. १८०० साली ब्रिटिश संसदेत या खेळावर बंदी आणायचं विधेयक आलं. विल्यम विंडम नावाच्या मंत्र्याने कडाडून विरोध केला. त्याचा मुद्दा असा, की श्रीमंत लोक कोल्ह्याची शिकार करतात ते चालतं, मग गरिबाची करमणूक तेवढी का बंद करायची? विधेयक ४३ विरुद्ध ४१ मतांनी, म्हणजे दोन मतांनी पडलं. विंडम खेळाच्या बाजूने होता, पण त्याचा प्रश्न अगदीच पोकळ नव्हता. कुत्र्यांवरचे कायदे आणि माणसांमधली वर्गाची भिंत यांचं नातं पुढे दोनशे वर्षं सुटलेलं नाही.

१८२२ मध्ये गॉल्वेचे खासदार रिचर्ड मार्टिन यांनी गुराढोरांवरच्या क्रौर्याविरुद्ध कायदा करून घेतला. पण कोर्टाने अर्थ लावला, की त्या कायद्यातल्या 'गुरां'मध्ये बैल बसत नाही! शेवटी १८३५ मध्ये जोसेफ पीझ या क्वेकर खासदाराच्या विधेयकामुळे बैल, अस्वल, कुत्रे, कोंबडे अशा सगळ्यांच्या झुंजींवर बंदी आली. लिंकनशरमधल्या स्टॅमफर्ड गावाने रस्त्यातून बैल पळवायची आपली प्रथा तरीही १८३९ पर्यंत रेटली. मग ती बंद झाली.

कायद्याने खेळ तळघरात नेला

मंडळी, इथे एक गंमत आहे, म्हणजे खरं तर गंमत नाही. बैलाची झुंज लपवता येत नाही. त्याला मैदान लागतं, गर्दी लागते. कुत्र्यांची झुंज मात्र दारूच्या गुत्त्याच्या मागच्या खोलीत होऊ शकते. बंदीनंतर बैल सुटला आणि कुत्रा अडकला.

लहान खोलीत जड बुलडॉगचा उपयोग नव्हता. त्यामुळे बुलडॉग आणि चपळ टेरिअर यांचा संकर, जो बंदीच्या आधीच सुरू झाला होता, तो जोरात चालला. त्याला सरळ 'बुल अँड टेरिअर' म्हणत. बुलडॉगची पकड, टेरिअरचा वेग. हेच कुत्रे उंदरांच्या खेळातही उतरायचे. गोल हौदात उंदीर सोडायचे, घड्याळ लावायचं, पैजा लागायच्या. १८२३ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर पिटमध्ये बिली नावाच्या अशाच कुत्र्याने साडेपाच मिनिटांत १०० उंदीर मारल्याची नोंद आहे.

यातून तीन वाटा फुटल्या, आणि मला वाटतं आपल्या आजच्या प्रश्नाचं उत्तर या तीन वाटांमध्येच आहे.

पहिली वाट बर्मिंगहॅमच्या जेम्स हिंक्सची. हा कुत्र्यांचा व्यापारी. १८६०च्या सुमारास त्याने पांढराशुभ्र, देखणा बुल टेरिअर तयार केला आणि प्रदर्शनांत उतरवला. हा कुत्रा आता लढण्याच्या कामाचा नाही म्हणून लोक हसले. तेव्हा हिंक्सने आपली कुत्री झुंजीत उतरवून जिंकली आणि लगेच प्रदर्शनात नेऊन तिथेही बक्षीस घेतलं, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, ती एक गोष्ट नीट सांगते. 'सभ्य' कुत्रा विकायलासुद्धा आधी झुंजीचं प्रमाणपत्र लागत होतं.

दुसरी वाट ब्लॅक कंट्रीची, म्हणजे बर्मिंगहॅमच्या पश्चिमेचा कोळशाचा आणि लोखंडाचा पट्टा. क्रॅडली हीथ हे साखळ्या बनवणाऱ्या कामगारांचं गाव. तिथल्या कामगारांनी जुना बुल अँड टेरिअर आपल्या घरात जपला होता. झुंजीही चालूच होत्या. पण १९३५ मध्ये तिथल्या 'क्रॉस गन्स' या गुत्त्याभोवतीच्या लोकांनी क्लब काढला आणि त्याच वर्षी केनेल क्लबने 'स्टॅफर्डशर बुल टेरिअर' या नावाने जातीला मान्यता दिली. गुत्त्याचा मालक जो मॅलन स्वतः साखळ्या घडवणारा. म्हणजे ज्या हातांनी झुंजी लावल्या, त्यांनीच प्रदर्शनाची दोरी धरली. बाहेरून कुणी शिकवायला आलं नव्हतं. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

तिसरी वाट अमेरिकेची. स्थलांतरित कामगारांबरोबर हे कुत्रे अटलांटिक ओलांडून गेले. १८९८ मध्ये चॉन्सी बेनेटने युनायटेड केनेल क्लब स्थापन केला आणि पहिली नोंद आपल्याच कुत्र्याची केली, अमेरिकन पिटबुल टेरिअर म्हणून. 'पिट' म्हणजे झुंजीचा हौद. नावातच इतिहास आहे, तो लपवता येत नाही. अमेरिकन केनेल क्लबने १९३६ मध्ये तोच कुत्रा 'स्टॅफर्डशर टेरिअर' म्हणून घेतला आणि १९७२ मध्ये त्याच्या नावाला 'अमेरिकन' जोडलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात एका अमेरिकन पोस्टरवर युरोपातल्या देशांच्या कुत्र्यांमध्ये अमेरिका म्हणून हाच कुत्रा बसवला होता. तेव्हा तो देशाचा चेहरा होता. पन्नास-साठ वर्षांनी गुंडांचा चेहरा झाला. या काळात कुत्रा फारसा बदलला नाही, पट्टा धरणारे हात बदलले.

आपल्याकडे

ब्रिटिश फौजेबरोबर बुल टेरिअर हिंदुस्थानात आला. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने १८९९ मध्ये एक कथा लिहिली, 'गार्म : अ होस्टेज'. दारूच्या नशेत अडचणीत आलेल्या एका गोऱ्या शिपायाला निवेदक वाचवतो. शिपाई त्याला आपला जीव की प्राण असलेला बुल टेरिअर आणून देतो, आपल्या चांगल्या वागणुकीची हमी म्हणून. ओलीस म्हणून. चुकला शिपाई, घर सुटलं कुत्र्याचं. मग दोघंही झुरत जातात.

हे वाचलं आणि मला वॉचमन काकांचं वाक्य पुन्हा आठवलं.

पंजाबच्या दोन्ही बाजूंना या कुत्र्यांचे वंशज 'गुल टेर' म्हणून राहिले, आणि चोरून झुंजीही राहिल्या. आपल्याकडे १९६०च्या प्राणी क्रौर्य प्रतिबंधक कायद्याने प्राण्यांना झुंजवणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड माहिती आहे? १० ते ५० रुपये. आकडा १९६०चा आहे, अजून तोच.

२०२२ मध्ये लखनौला घरच्याच पिटबुलच्या हल्ल्यात एका वृद्ध महिलेचा मृत्यू झाला आणि देश हादरला. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवायचं पत्र राज्यांना पाठवलं. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं, कारण संबंधितांचं म्हणणं ऐकलंच नव्हतं. ब्रिटनमध्ये १९९१ पासून पिटबुलवर बंदी आहे, आणि २०२३ संपताना यादीत एक्सएल बुली वाढवावा लागला. एक प्रकार बंद केला की हौशी माणूस पुढचा प्रकार तयार करतो. बंदी मागणाऱ्यांची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. ती लंगडणारी कुत्री मी रोज बघतो.

आमच्या बाजूचे लोकही खोटं बोलतात. 'हा तर जुन्या काळी मुलं सांभाळणारा, नॅनी डॉग होता' हे आपण ऐकतो. एकोणिसाव्या शतकात त्याला कुणी तसं म्हणत होतं याचा पुरावा नाही. ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली कहाणी आहे. अशा कहाणीवर विसंबून लहान मूल आणि कुत्रा एका खोलीत एकटे सोडणं म्हणजे बेफिकिरी. कुठल्याही जातीचा असो.

मग करायचं काय?

२००७ मध्ये अमेरिकेत मायकल विक या फुटबॉलपटूच्या व्हर्जिनियातल्या जागेवरून पन्नासएक पिटबुल जप्त झाले. तोवरचा रिवाज असे कुत्रे सरसकट मारून टाकण्याचा. या वेळी कोर्टाने प्रत्येक कुत्र्याची वेगळी तपासणी करवली. बहुतेक वाचले. सगळ्यात अवघड असे २२ युटाहमधल्या एका प्राणी आश्रयस्थानात गेले, काही पुढे घरांत रुळले. खर्चापोटी विकला सुमारे ९ लाख २८ हजार डॉलर भरावे लागले. प्रत्येक कुत्रा वेगळा तपासायचा आणि बिल माणसाला द्यायचं. मला हे तत्त्व पटतं.

भैरूच्या बाबतीत मी काय बदललं ते सांगतो. घरातून बाहेर पडताना दोन दारं, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. पट्टा मनगटात, फोन खिशात. गर्दीत तोंडाला जाळी, आणि ती त्याला खाऊ देऊन शिकवलेली, शिक्षा म्हणून नव्हे. नसबंदी केली. महापालिकेचा परवाना, रेबीजची लस वेळेवर. पकड सोडवायची चपटी लाकडी पाचर बॅगेत असते. दाढांच्या मागून घालून हळू फिरवायची, हे मी जाणकाराकडून शिकलो. ओढलं की जखम फाटते, हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं.

आणि काम. या कुत्र्याला काम नसेल तर तो स्वतः शोधतो. अमेरिकेत यांच्यासाठी वजन ओढण्याच्या रीतसर स्पर्धा असतात. आम्ही पहाटे, ऊन चढायच्या आत, टेकडीवर जातो. छातीला नीट बसणारा पट्टा, मागे हलकं टायर. तो स्वतः थांबला की आम्ही थांबतो. संध्याकाळी वासावरून वस्तू शोधायचा खेळ. जो हट्ट बैलाचं नाक धरायला वाढवला, तोच हट्ट आता सोफ्याखालचा मोजा शोधतो.

कायद्याचं शेवटचं. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे प्राण्याबाबत निष्काळजीपणा केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम मालकाला पकडतं. सोसायटी मात्र कुत्र्याला हाकलते.

माझ्या सोसायटीने भैरूला राहू दिलं, अटींवर. अटी सगळ्या माझ्यासाठी होत्या, आणि ते बरोबरच होतं. माझ्या वागण्याची हमी म्हणून तो इथे राहतोय. गेटपाशी ती लंगडी कुत्री दिसली की आम्ही रस्ता ओलांडतो. तिला मी रोज सकाळी वेगळं जाऊन खायला घालतो, भैरूला न घेता.

तुमच्याकडे असा कुत्रा असेल, किंवा शेजारी असेल आणि भीती वाटत असेल, तर दोन्ही बाजूंनी लिहा. पुढच्या भागात भेटूच.