पॅरिसमधली स्केचबुकं

१४. ‘पॅरिसच्या शाळेतली स्केचबुकं’ : लेखकाने इथे एकच शाळा धरली असली, तरी संस्था दोन होत्या. अमृता शेरगिल (१९१३–१९४१) १९२९ साली कुटुंबासह पॅरिसला गेल्या. तिथे आधी ग्रांद शोमिएर या खासगी अकादमीत पिएर व्हायाँ यांच्याकडे, मग सरकारी एकोल दे बोझारमध्ये ल्युसियँ सिमों यांच्या हाताखाली त्या शिकल्या.

या काळातली रेखाटनं दोन प्रकारांत वेगळी करून पाहावीत. ‘क्रोकी’ म्हणजे झटपट रेखाटन. मॉडेल दर काही मिनिटांनी पोझ बदलणार, त्यामुळे घोटण्या-खोडण्याला सवड नाही. मान, कणा आणि कुठल्या पायावर भार आहे एवढं पकडलं की पान उलटायचं. दुसरा प्रकार एकच पोझ दीर्घकाळ न्याहाळून केलेल्या अभ्यासाचा. शेरगिल यांच्या कोळशातल्या विवस्त्राभ्यासांत जोरकस बाह्यरेषा आणि दाट छटा दिसतात, त्या या शिस्तीतल्या.

‘यंग गर्ल्स’ (१९३२) या तैलचित्राला पॅरिसच्या सलाँमध्ये १९३३ साली सुवर्णपदक मिळालं, ते याच सरावाच्या बळावर. त्यात एका मुलीसाठी धाकटी बहीण इंदिरा बसली होती. १९३४च्या अखेरीस त्या भारतात परतल्या. १९३६ साली अजिंठा पाहिल्यावर छायाप्रकाशाचा जोर ओसरला आणि ‘ब्राइड्स टॉयलेट’मध्ये (१९३७) सपाट रंगक्षेत्रं आली. बाह्यरेषेवरची हुकमत मात्र पॅरिसचीच. लेखकाचं ‘तिथलं सारं पुसलं गेलं’ हे विधान म्हणून जपून घ्यावं. — संपा.