नोकियानें निवडलेली वाट

फिनलंडमधील टाम्पेरे येथें १८६५ सालीं कागदाच्या लगद्याची एक गिरणी निघाली. नोकिया कंपनीचा उगम तोच. कागद, रबरी जोडे, तारा असे नाना धंदे करीत ती दूरध्वनीकडे वळली आणि १९९८ पासून सुमारें १४ वर्षें जगांत सर्वांत अधिक मोबाइल विकीत राहिली. विजेरी बसविलेला तिचा ११०० हा साधा फोन भारतांत शेतकऱ्याच्या बंडीपासून वाण्याच्या गल्ल्यापर्यंत सर्वत्र दिसे.

अशा संपन्न घराण्यापुढें २०११ सालीं प्रश्न पडला कीं, आपले स्मार्टफोन कोणाच्या कार्यप्रणालीवर चालवावयाचे? घरची सिंबियन प्रणाली बटनांच्या फोनांसाठीं घडलेली. २००७ सालीं आयफोननें बोटाच्या स्पर्शाची रीत रूढ केली, २००८ सालीं अँड्रॉइडचा पहिला फोन आला, आणि सिंबियनचें वय एकाएकीं डोळ्यांत भरूं लागलें. इंटेलच्या साह्यानें चाललेली मीगो अजून अपुरी होती. गूगलचें अँड्रॉइड कोणासहि खुलें होतें. मायक्रोसॉफ्टचा विंडोज फोन नुकताच जन्मला होता.

प्रणालीचें मोल तीवर चालणाऱ्या ॲपांवरून ठरतें. आठवड्याच्या बाजारासारखेंच हें आहे: दुकानें जेथें अधिक तेथें गिऱ्हाईक जातें, आणि गिऱ्हाईक जेथें अधिक तेथेंच दुकानदार पाल ठोकतो. ओस पडलेला बाजार पुन्हा भरविणें फार कठीण.

सप्टेंबर २०१० मध्यें मायक्रोसॉफ्टमधून आलेले स्टीफन एलॉप कंपनीचे प्रमुख झाले. समुद्रांतील जळत्या तेलमंचावरून बर्फाळ पाण्यांत उडी घेणाऱ्या मनुष्याची गोष्ट सांगून त्यांनीं सेवकवर्गाला पत्र लिहिलें. आणि ११ फेब्रुवारी २०११ रोजीं लंडन येथें स्टीव्ह बामर यांच्यासह विंडोज फोनची निवड जाहीर केली. अँड्रॉइडवाल्यांत कोणी एकच कारखानदार इतरांस झांकून टाकील, ही भीति आपल्या मनांत होती, असें त्यांनीं मागाहून सांगितलें. भीति खोटी नव्हती. सॅमसंगनें तेंच केलें. पण ती जागा नोकियाला कां मिळाली नसती, हा प्रश्न उरतोच.

निवडीहूनहि घातक ठरला तो तिचा क्रम. नवा ल्युमिया फोन ऑक्टोबरांत दिसावयाचा, आणि जुन्याचें मरण मात्र फेब्रुवारींतच पुकारलें गेलें. उद्यां टाकून दिला जाणारा माल आज कोण घेईल? पहिल्या तिमाहींत २ कोटी ४२ लाख स्मार्टफोन खपले होते. दुसरींत १ कोटी ६७ लाखच. जूनमध्यें मीगोचा एन ९ फोन दाखविण्यांत आला. त्याची वाखाणणी झाली, परंतु तो पोरका होता. २०१२ मध्यें विंडोज फोन ८ जाहीर झाला, तो आधींच्या ल्युमियांवर बसेना. विश्वासानें पैसे मोजणारा ग्राहक पुन्हा एकदां फसला.

सप्टेंबर २०१३ मध्यें हा सारा फोनधंदा ५४४ कोटी युरोंना मायक्रोसॉफ्टला विकण्याचें ठरलें. ताबा जाण्यापूर्वीं, फेब्रुवारी २०१४ मध्यें, नोकियानें बार्सिलोना येथें एक फोन दाखविला, आणि तो होता अँड्रॉइडवरचा! चेन्नईजवळील श्रीपेरुंबुदूरचा कारखाना कराच्या तंट्यामुळें विक्रींतून वगळला गेला. प्रणालीच्या निवडींत तेथील हजारों कामगारांना कोणी विचारलें नव्हतें. १ नोव्हेंबर २०१४ रोजीं तेथील यंत्रें थांबलीं.