जुनी दुनळी, लंडनचा लिलाव आणि आपली ठासणीची बंदूक

भाताची कापणी झाली, वालाचं बी टाकून झालं, आता जरा बसायला सवड आहे. म्हणून आज पिकाऐवजी बंदुकीबद्दल लिहितो. विषय शेतीचाच आहे, डुक्कर ज्याच्या खाचरात शिरलंय त्याला विचारा.

सध्या मोबाईलवर जुन्या वस्तूंचे लिलाव दिसतात. त्यात कधी विलायती दुनळी असते. दस्त्याला चीर, नळीवर गंज, घोडा सैल, आणि खाली लिहिलेलं "अँटिक". घरबसल्या बोली लावायची. आपल्याकडच्या पोरांना वाटतं, शंभर वर्षांची वस्तू आहे, शोभेची, तिला कसला परवाना? डुकराला आवाज काढायलाही होईल. इथेच घोळ आहे. शोभेची हवी असेल तर तिच्यातून बार निघता कामा नये, आणि बार निघत असेल तर ती शोभेची नाही.

आधी ती घासलेली बंदूक म्हणजे काय ते बघा. बारा बोर आपण सगळेच म्हणतो. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसेल, ती बारा बोरची नळी. साधारण साडेअठरा मिलिमीटर. म्हणून बोरचा आकडा लहान तेवढी नळी मोठी. जुन्या विलायती बंदुकांच्या नळीवर सापाच्या कातडीसारखी नक्षी दिसते. ती रंगवलेली नसते. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, तापवून घणानं सांधलेल्या असतात, त्याची ती नक्षी. दिसायला फार सुंदर. पण ही नळी काळ्या दारूसाठी केलेली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बिनधुराची दारू आली, तिचा जोर वेगळा. तसलं आजचं काडतूस त्या जुन्या, आतून गंजानं खड्डे पडलेल्या नळीत घातलं तर नळी फुटून हाताची बोटं जाऊ शकतात. म्हणून इंग्लंडात नळी जास्त दारू भरून तपासायची आणि मगच ठसा मारायची पद्धत होती. लंडनचं तपासणीघर 1637 चं, बर्मिंगहॅमचं 1813 चं. जाणकार माणूस जुनी बंदूक हातात घेतली की नक्षीच्या आधी तो ठसा शोधतो. मोबाईलच्या फोटोत ठसा दिसेल एक वेळ, नळीची आतली बाजू दिसत नाही.

आता इतिहास. बंदूक आपल्या किनाऱ्याला नवी नाही. पोर्तुगीजांनी 1521 मध्ये चौलला, म्हणजे आजच्या रेवदंड्याला, किल्ला बांधायला घेतला, तो आपल्याच जिल्ह्यात. तेव्हाची ती तोड्याची बंदूक. पेटती वात दारूला लावायची, पावसात वात विझली की बंदूक म्हणजे काठी. मग गारगोटीच्या ठिणगीची आली, पुढं टोपीची, आणि शेवटी मागून उघडून काडतूस घालायची. आपल्या कोकणातली ठासणीची बंदूक ही टोपीच्या जमान्यातली, तोंडातून दारू आणि छरे घालून गजानं ठासायची. जगानं ती कधीच मागं टाकली, आपल्याकडे ती शेतात राहिली. का राहिली, ते पुढं येतं.

लिलावात मोल येतं ते नळीला नाही, नावाला. 2019 मध्ये इंग्लंडात बर्कशायरमधल्या एका घराच्या माळ्यावर टिपू सुलतानाच्या शस्त्रागारातली गारगोटीची बंदूक सापडली. कंपनी सरकारच्या एका मेजरनं नेलेली. लढाईत मार बसल्याच्या खुणा अंगावर असलेली, तरी 60,000 पौंडांना गेली. आपल्या राज्य सरकारनं 2025 च्या एप्रिलमध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार घेतली. सरकारला थेट बोली लावता येत नव्हती म्हणून मध्यस्थामार्फत. सगळा खर्च धरून 47 लाख 15 हजार. ऑगस्टमध्ये ती मुंबईला आली. मला त्यात एक गंमत वाटते, त्या तलवारीचं पातंही युरोपातलंच, नाव मात्र देवनागरीत सोन्यानं कोरलेलं. म्हणजे पातं तिकडून आलं, इथं लढलं, परत तिकडं गेलं आणि आता पैसे मोजून घरी आलं.

ही हत्यारं तिकडं कशी गेली ते सगळ्यांना माहीत आहे. पण गावातली बंदूक कुठं गेली? 1857 नंतर इंग्रजांनी लोकांची हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केली आणि 1878 मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्रकायदा केला. हिंदी माणसाला परवाना, गोऱ्याला माफी. ही वर्णाची सवलत 1920 च्या नियमांत गेली. कायदा झाला त्याच्या पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं. फडके आपल्या पनवेलजवळच्या शिरढोणचे. गांधीजींनी 1930 च्या जानेवारीत सरकारपुढं अकरा मागण्या ठेवल्या, त्यात मिठाची मागणी सगळ्यांना आठवते. स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्यावेत, त्यावर लोकांचं नियंत्रण असावं, हीही मागणी त्यात होती. अहिंसावाल्या माणसानं ही मागणी घातली हे वाचून मी दोनदा पान उलटून पाहिलं. त्याच वर्षी 25 सप्टेंबरला चिरनेरला जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला आणि आपली माणसं पडली. बंदूक कुणाच्या हातात आणि कोयता कुणाच्या, एवढंच बघा.

स्वातंत्र्यानंतर 1959 चा कायदा आला. त्यात शेतकऱ्यासाठी खास जागा ठेवली, खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना. म्हणून ही जुनी बंदूक कोकणात टिकली. त्याच कायद्यात जुन्या हत्यारांबद्दलही सांगितलंय. जुन्या घडणीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं हत्यार कायद्यातून सुटतं, पण ते दुरुस्त करूनही बार काढण्याजोगं राहिलेलं नसेल तरच. वयावर सूट नाही, निकामी असण्यावर आहे. त्या दुनळीचा घोडा लोहारानं बसवून दिला की ती चालणार असेल, तर ती आजही बंदूकच. आधी परवाना, मग बंदूक. परदेशातली तर नावच नको. नेमबाज खेळाडू वगैरे थोडे अपवाद सोडले तर आपल्यासारख्याला बाहेरून बंदूक आणता येत नाही. बोली जिंकाल, पैसे जातील, माल अडकेल आणि वर गुन्हा.

आणि परवाना मिळाला म्हणजे डुक्कर मारायची मोकळीक मिळाली असंही नाही. 1972 चा वन्यजीव कायदा वेगळा, त्याला वनखात्याची परवानगी वेगळी. आपल्याकडे ठासणीचं खरं काम आवाजाचंच. रात्री माळ्यावरून एक बार काढला की कळप डोंगराकडं वळतो. फटाक्यालाही वळतो म्हणा, पण चार दिवसांनी त्याला फटाका कळतो.

माझ्या मते खरी जुनी बंदूक लिलावात शोधायची गरजच नाही, ती कित्येक घरांत आढ्याला होती. आजोबा वारले, परवाना त्यांच्या नावावर. तशी बंदूक घरात ठेवता येत नाही, पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायची आणि वारसानं स्वतःच्या नावानं अर्ज करायचा. पोरगा मुंबईला किंवा कंपनीत, अलिबागच्या फेऱ्या कोण मारणार? बंदूक जमा झाली ती झाली. ज्यांच्या घरात अशी आहे त्यांनी परवान्याची तारीख आजच बघा. 2019 च्या दुरुस्तीनंतर मुदत पाच वर्षांची आहे, आणि जुन्या पुस्तिकेवर तीनच लिहिलेली असते.